शेडमधली काच

चिमीच्या रक्तात शिसं निघालं त्याला आठवडा होऊन गेला होता, पण घरात तो शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. वहिनी 'तिचं ते' म्हणत. दादा 'ती भानगड' म्हणायचा. छोट्या, म्हणजे चिमीचा बाप, काहीच म्हणत नव्हता. आणि त्याची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणत, ती स्वयंपाकघरात गेली की दार लोटून घ्यायची.

म्हणून रविवारी दुपारी अक्का माहेरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलली.

"उद्या सकाळी गाडी येतेय. शेड रिकामी करायला."

"कुणाची गाडी?" दादाने विचारलं.

"जुने टीव्ही नीट सुटे करणारं केंद्र आहे ना, त्यांची. मी बोलून ठेवलंय."

दादाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू बघू म्हणाला असतास. तुझं बघू मला लहानपणापासून माहीत आहे."

दुकान रस्त्याकडे, मागे घर, घरामागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. वडील, म्हणजे नाना, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे तेव्हा शेडमध्ये लोकांचे बिघडलेले संच रांगेत असत. आता दादा नवे टीव्ही विकायचा. जुना आणून द्या, नव्यावर सूट घ्या, जुन्याची काळजी आमच्यावर सोडा, आम्ही तो जबाबदारीने मार्गी लावतो, असं दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मार्गी लागायचा म्हणजे मागच्या शेडमध्ये जायचा. तिथे छोट्या हातोडीने पिक्चर ट्यूबची मान मोडायचा, फुस्स करून आत हवा शिरायची, मग तो तांब्याची वेटोळी ओढून काढायचा आणि उरलेली काच शेडमागे टाकायचा. वायरींचं प्लॅस्टिक तिथेच जाळायचा. तांबं भंगारात जायचं. दुकानात छोट्याचा वाटा काय, असं कुणी विचारलं की दादा म्हणायचा, तांबं सगळं त्याचंच आहे की.

"गाडीबिडी काही नको," दादा म्हणाला. "मी भंगारवाल्याला सांगितलंय. संध्याकाळी टेम्पो येईल. आख्खे, फुटके, काचा, सगळं एका फेरीत उचलतो म्हणालाय. विषय संपला."

"उचलून कुठे नेणार?"

"तो बघेल."

"कुठे, दादा?"

"बंद पडलेली दगडखाण आहे ना, हमरस्त्याच्या पलीकडे. तिकडे टाकतो तो."

"खाणीशेजारी वस्ती आहे," अक्का म्हणाली. ती मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती. त्या वस्तीतली पोरं तिच्या हाताखालून गेली होती. "म्हणजे आपली चिमी वाचवायची आणि दुसऱ्या कुणाची तरी मारायची."

"मारायची काय? मेलीय का ती? पोट दुखतं पोरीचं, एवढंच ना. नळाच्या पाण्यातून आलं असेल. भिंतीच्या रंगातून आलं असेल. तुमच्या डॉक्टरांना काय, जुनं घर दिसलं की कारण सापडतं."

अक्काने छोट्याकडे पाहिलं. तो खिडकीशी उभा होता आणि नखातला काळा मळ दुसऱ्या नखाने काढत होता.

"तू काय म्हणतोस?"

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," छोट्या म्हणाला. "संध्याकाळी सगळं गेलं की प्रश्नच उरत नाही. केंद्रवाले येणार, चार गोष्टी विचारणार. उगाच घरात साप सोडून घ्यायचा."

"साप घरातच आहे."

"अक्का, तू तुझ्या घरी जातेस. मला इथे राहायचंय."

छोट्या आपल्या बाजूने उभा राहील असं अक्काने गृहीत धरलं होतं. पोरगी त्याची होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून नाना बोलले. त्यांचे हात आता थरथरायचे, म्हणून ते दोन्ही मांडीखाली दाबून बसत. "कुणीच काही नेऊ नका. त्यातले निम्मे संच मी चालू करू शकतो."

"नाना, ते कुणाला हवेत?" दादा म्हणाला.

"मला हवेत."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. धाकटी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. ती कुणाकडे न बघता बोलली.

"ट्यूबच्या आतून पांढरी भुकटी निघते ना, काच फुटल्यावर. ती बाटलीच्या झाकणांत भरायची चिमी. शेडमागे बसून. म्हणायची, मी पीठ मळतेय. मला खायला द्यायची खोटं खोटं. स्वतःही खोटं खोटं खायची. डॉक्टरांनी विचारलं, मूल कुठे खेळतं. मी सांगितलं. पाण्याचं आणि रंगाचं त्यांनी विचारलंच नाही त्यानंतर."



* * *

वहिनींना वाटलं, आपण काही बोललो नाही तर हे ऐकून उभं राहणं जमणार नाही. म्हणून त्या बोलल्या.

"आणि तू काय करत होतीस? आई ना तू? पोर शेडमागे काचांत बसलीय आणि तुला पत्ता नाही?"

"मी तुमचाच स्वयंपाक करत होते, वहिनी."

"आमचा म्हणजे? तू जेवत नाहीस?"

"जेवते की. उरलेलं."

"जीभ बघा," वहिनी दादाकडे वळून म्हणाल्या. पण दादा मोबाइलमध्ये भंगारवाल्याचा नंबर शोधत होता.

वहिनी उठून आतल्या खोलीत गेल्या. चिमी पलंगावर कुशीवर झोपली होती, दुपारची झोपते तशी नाही, आजारी माणूस झोपतं तशी. वहिनींना मूल नव्हतं. चिमी त्यांना मोठीआई म्हणायची. दुकानात ती मध्ये मध्ये यायची, गिऱ्हाइकांसमोर रिमोट ओढायची, म्हणून एक दिवस वहिनींनीच तिला बाटल्यांची झाकणं गोळा करून दिली होती. जा, मागे जाऊन भातुकली खेळ, म्हणाल्या होत्या. दुकानाच्या काचेवरची अक्षरंही त्यांनीच काढली होती. 'जबाबदारीने' हा शब्द दादाच्या मजकुरात नव्हता. चांगला वाटतो म्हणून तो त्यांनी घातला होता.

महिन्यापूर्वी चिमीने त्यांना दिवाणाकडे बोट दाखवून विचारलं होतं, मोठीआई, याला काय म्हणतात? वहिनी हसल्या होत्या. त्यांना वाटलं, पोर चेष्टा करतेय. असे शब्द चिमीला दोन वर्षांपूर्वीच येत होते.

बाहेर अक्काचा आवाज येत होता. "शरीरातलं शिसं थोडंफार काढता येतं. डोक्यावर जो परिणाम झाला, तो किती भरून येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. सांगत नाहीत म्हणजे काय ते मला कळतं. रोजचं काम आहे माझं."

ऊन उतरल्यावर टेम्पो मागच्या गल्लीत येऊन उभा राहिला आणि त्याने भोंगा वाजवला. दादा आत आला.

"शेडची किल्ली दे."

घरातल्या सगळ्या किल्ल्या वहिनींच्या कमरेला असत. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून.

"नाही देणार," वहिनी म्हणाल्या.

दादाला नीट ऐकू आलं नसावं, कारण त्याने हात पुढेच ठेवला. "किल्ली दे, तो थांबलाय."

"थांबू दे. उद्या अक्काची गाडी येईल, ती नेईल."

"तुला कळतंय का तू काय बोलतेस? ते लोक काचांचा ढीग बघतील. चौकशी होईल. दुकानाचं नाव जाईल. आपलं पोट दुकानावर आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. किल्ली मिळणार नाही."

दादा कमरेच्या जुडग्याकडे बघत राहिला. हात घातला असता तर किल्ली निघाली असती. पण दारात अक्का येऊन उभी राहिली होती आणि तिच्या मागे धाकटी. धाकटी घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिन्ही बायका एका बाजूला होत्या, आणि त्यांतल्या कुणालाच त्याचं सुख झालेलं दिसत नव्हतं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "तुम्ही शहाण्या. आता जे होईल ते मी माझ्या पद्धतीने निस्तरेन. नंतर माझ्याकडे बघायचं नाही."

तो टेम्पोवाल्याला परत पाठवायला गेला. वहिनींनी धाकटीकडे पाहिलं. मघाशी बोललेलं मागे घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण धाकटीने आधीच पाठ फिरवली होती आणि ती रात्रीच्या भाजीला लागली होती.

* * *

सकाळी नानांनी खुर्ची अंगणात आणायला लावली.

गाडी बंदिस्त होती. चार माणसं उतरली, जाड हातमोजे घातलेली, तोंडाला मास्क लावलेली. त्यांच्यावर देखरेख करणारी एक बाई होती, केस आखूड कापलेली, कमी बोलणारी. ती आधी शेडच्या आत जाऊन आली, मग मागे जाऊन आली. मागून आल्यावर तिने सगळ्यांना अंगणातून ओसरीवर जायला सांगितलं. नाना हलले नाहीत. तिने त्यांच्याकडे बघितलं, एक मास्क आणून त्यांच्या हातात दिलं आणि कामाला लागली.

आख्खे संच एकेक करून बाहेर निघाले. काहींना सरकती लाकडी दारं होती, काहींना पायही होते. नानांना प्रत्येकाचं दुखणं आठवत होतं. हा शिंप्याचा, याचं चित्र वरून दबायचं. हा डाकघरातल्या मास्तरांचा, याला नुसता आवाज होता. माणसांनी संच पडद्याची बाजू खाली करून, मध्ये जाड पुठ्ठे घालून, गाडीत बसवले. कुणी आपटत नव्हतं, कुणी एकावर एक फेकत नव्हतं. नानांना त्यांचा राग येईना, आणि याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"यांचं पुढे काय करता?" त्यांनी बाईला विचारलं.

"ट्यूब न फोडता काढतो. पुढची काच वेगळी कापतो, मागची वेगळी. शिसं मागच्या काचेत जास्त असतं. ती बंद भट्टीत जाते. भुकटी यंत्राने ओढून घेतो, हाताने नाही. तांबं, सर्किटच्या पट्ट्या, लाकूड, सगळं वेगवेगळं."

"चालू नाही करत एखादा?"

"नाही, आजोबा."

नानांनी मान हलवली. एवढी वर्षं ते ट्यूबशी डोकं लावून बसले होते. तिला हात लावताना विजेचा झटका बसेल म्हणून ते जपत. काचेतल्या शिशाचा विचार कधी त्यांच्या मनाला शिवला नव्हता, कारण त्यांनी एकही ट्यूब फोडली नव्हती.

मग माणसांनी मागून पिंपं भरायला घेतली. माती ओली करून, खरवडून, काचेसकट. पिंपं भरत गेली तशी बाई दादाकडे आली.

"हे आमच्याकडे आलं ते बरं झालं. पण एवढा फुटका माल मी न कळवता नेऊ शकत नाही. उघड्यावर ट्यूब फोडायला बंदी आहे. दुकान तुमचं ना?"

"हो," दादा म्हणाला.

"बाहेर काचेवर वाचलं मी. म्हणजे जुने संच लोकांकडून तुम्ही घेत होता."

"घेत होतो. पण फोडले दुकानाने नाहीत." दादाचा आवाज शांत होता, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "मी ते शेडमध्ये नुसते ठेवायचो. नीट कुठेतरी द्यायचे म्हणून. माझ्या भावाने मला न सांगता फोडले, तांब्यासाठी. दुकानात तो नाही. आमचा व्यवहार वेगळा आहे. आम्हाला आत्ताच कळलं, पोरगी आजारी पडल्यावर."

छोट्या ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली. काल याच माणसाच्या बाजूने तो बहिणीशी भांडला होता.

"दादा," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय का मी? नाना इथेच असतात दिवसभर. नानांना विचारा." दादा खुर्चीकडे वळला. "नाना, सांगा त्यांना. मी कधी हातोडी धरली का?"

सगळे नानांकडे बघू लागले. अक्का, कठड्याला धरून उभी. धाकटी, चिमीला कडेवर घेतलेली. थोरली सून दारात, कमरेच्या किल्ल्या मुठीत आवळलेल्या.

दादाने हातोडी धरली नव्हती, हे खरं होतं. दर शनिवारी शेडच्या दारात उभं राहून तो म्हणायचा, आवर रे लवकर, सोमवारी नवा माल येतोय, जागा लागेल. हेही खरं होतं. नानांनी ते कितीदा ऐकलं होतं. एकदा त्यांनी ट्यूब फोडू नका म्हणून सांगितलंही होतं, तेव्हा दादा म्हणाला होता, नाना, तुम्ही आता आराम करा.

हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण नाना थोरल्याकडे राहत होते. त्यांची खोली दुकानाच्या वरची होती, औषधं थोरला आणायचा, सकाळी न्हाणीघरापर्यंत हात धरून थोरला न्यायचा. धाकट्याकडे काय होतं? तो स्वतःच या घरात पाहुण्यासारखा होता. म्हातारपणी माणूस खांब बघून टेकतो. नानांनी मांडीखालून हात काढले, परत ठेवले.

"मला आता लांबचं नीट दिसत नाही," ते म्हणाले. "शेडमध्ये कोण काय करायचं, मला काय माहीत."

अक्काने तोंड फिरवलं.

छोट्या पायरीवरून उठला. तो बाईसमोर जाऊन उभा राहिला, शाळेत शिक्षकांसमोर उभा राहायचा तसा, हात मागे बांधून.

"मीच फोडले," तो म्हणाला. "सगळे मीच फोडले. माझं नाव कळवा."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग नानांकडे. "मी जे पाहिलं ते सगळंच कळवणार आहे," ती म्हणाली. "काचेवर काय लिहिलंय तेही." आणि ती पिंपांची झाकणं तपासायला गेली.

गाडी निघून गेल्यावर दादा नानांजवळ आला. "चला, ऊन लागेल," म्हणत त्याने त्यांना उठवायला हात दिला. नानांनी तो धरला. दुसरा हात कुणी पुढे केला नव्हता.

* * *

बांधाबांध करायला फारसं काही नव्हतंच. अक्काकडे न्यायला दोन पिशव्या आणि चिमीची गादी. धाकटीने कुणाला जाते म्हणून सांगितलं नाही. वहिनी रिक्षापर्यंत आल्या, चिमीच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकल्या, तेव्हा धाकटीने मुलीला अलीकडे ओढलं. ओढलं म्हणजे हिसका दिला नाही. नुसतं अंतर वाढवलं. वहिनी वाकलेल्या तशाच राहिल्या.

"तिला दूध दे वेळेवर," त्या म्हणाल्या. "लोह वाढेल असं काहीतरी खायला घाल. अक्काला विचार."

"विचारते."

छोट्या त्यांच्याबरोबर रिक्षात बसला नाही. अक्कानेच त्याला मागे थांबवलं होतं. बाईने सांगून ठेवलं होतं की शेडची जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडा झाडू मारू नका. आणि ते काम दुसरं कुणी करणार नव्हतं. दिवसभर तो गुडघ्यांवर बसून पुसत राहिला. दादा दुकानात होता. एकदा मागच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "छोट्या, मनावर घेऊ नकोस. दुकान वाचलं तर सगळेच वाचतील. चार दिवसांनी राग उतरला की या परत." छोट्याने फडकं पिळलं आणि पुन्हा जमिनीला लावलं. मग गिऱ्हाईक आलं म्हणून दादा गेला.

संध्याकाळी छोट्या अक्काच्या घरी पोचला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिन्यात त्याला आतून चिमीचा आवाज आला. ती अक्काला काहीतरी सांगत होती, एका शब्दाशी अडत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तो दाराबाहेर उभा राहून तो शब्द येतो का ते ऐकत राहिला. आला नाही. अक्काने तो सांगून टाकला.

त्याने कडी वाजवली. अक्काने दार अर्धंच उघडलं.

"तिथेच थांब," ती म्हणाली. "आत येऊ नकोस अजून. बाहेरच्या मोरीत बादली ठेवलीय, साबण ठेवलाय. डोक्यावरून आंघोळ कर. हे कपडे त्या पिशवीत टाक आणि तिचं तोंड बांध. घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत."

"हात धुतलेत मी."

"हातांचं नाही रे." दवाखान्यात ती हे रोज कुणाला ना कुणाला सांगत असे, पण तेव्हा समोरचा माणूस भाऊ नसायचा. "ती शेडमागे खेळायची ते आहेच. पण नुसतं तेवढ्याने इतकं होत नाही. केसांतून येतं, कपड्यांतून येतं. तू कामावरून आलास की ती पहिली कुठे यायची?"



आतून चिमीने बापाचा आवाज ओळखला. अनवाणी पावलं धावत आली, अक्काच्या बाजूच्या फटीतून तिचं डोकं बाहेर निघालं, आणि तिने नेहमीसारखे दोन्ही हात वर केले.

"मागे हो," छोट्या म्हणाला.

तिला कळलं नाही. ती हसली आणि एक पाऊल पुढे आली.

"चिमे, मागे हो म्हणतो ना. हात लावू नकोस मला."

आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. चिमीचे हात वरच राहिले. मग एकेक करून खाली आले. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे, उलटसुलट करून, त्यांना काही लागलंय का ते बघत.

"मी धुतलेत," ती म्हणाली.

धाकटीने येऊन तिला आत नेलं. छोट्या जिन्याच्या भिंतीलाही न टेकता, हात अंगापासून लांब धरून, मोरीकडे गेला आणि कडी लावून त्याने पाणी सोडलं.